म्हाताऱ्याचा डोळा

नानांचा चहा अजून अर्धा कपात होता, तेव्हा त्यांनी ते ऐकलं. स्वयंपाकघरात सूनबाई फोनवर कारखान्यातल्या मिस्त्रींशी बोलत होती, आणि तेही दबक्या आवाजात. मोठ्याने बोललेलं नानांना तीन-तीनदा सांगावं लागे. दबक्या आवाजात बोललं की मात्र कान लगेच टवकारत.

“म्हातारा आजही तसाच? दहा सेकंद गुरगुरतो आणि गप्प? नाही हो मिस्त्री, त्याच्यात आता काही राम उरला नाही. नुसता कोपरा अडवून बसलाय. आजचा दिवस बघू, नाहीतर काढून टाकू. नाही, घरी अजून बोलले नाही मी.”

नानांच्या हातातला कप तसाच राहिला.

आता खरं काय ते सांगून टाकायला हरकत नाही. म्हातारा म्हणजे कारखान्यातला रॉकेलवर चालणारा हीटर. आडवं नळकांडं, खाली टाकी, मागे पंखा, पुढून गरम हवेचा झोत. पण हे नाव त्याला पडलं नाना निवृत्त झाल्यावर, म्हणजे गेल्या सहा महिन्यांत. त्यामुळे म्हातारा म्हणण्याजोगा, गुरगुरणारा आणि कोपरा अडवणारा एकच इसम नानांना ठाऊक होता.

तशी ही शंका त्यांच्या मनात आधीपासून घर करून होतीच. मुलगा शाळामास्तर, त्याचं हातोडीशी कधी जमलं नाही. सूनबाईने मात्र खुर्च्यांचा कारखाना झोकात पुढे नेला. नानांनी चाव्या तिच्या हातात दिल्या आणि घरी आले. तेव्हापासून सगळे त्यांच्याशी असे वागत, की जणू ते काचेचे आहेत. नाना, तुम्ही बसा. नाना, तुम्ही उठू नका. चहा सांडला तरी कुणी रागवेना! ज्याच्यावर कुणी रागवतसुद्धा नाही, त्याची कुणाला गरज आहे का, हा प्रश्न नानांना रोज छळत होता. आज त्याचं उत्तर मिळालं, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं.

पण नाना रडत बसणाऱ्यांतले नव्हते. कुणी काढण्याआधी आपणच निघावं, थोरल्या बहिणीकडे जाऊन राहावं, आणि हे सूनबाईला तिच्याच कारखान्यात, चारचौघांत सुनवावं, असं ठरवून त्यांनी कोट चढवला, मफलर गुंडाळला आणि तिच्यामागून अर्ध्या तासाने तरातरा कारखाना गाठला.

जोडणीच्या खोलीत बोटं आखडतील अशी थंडी होती. मिस्त्री दोन स्वेटर घालून टाळ्या वाजवत उभे होते. आनंदाने नव्हे, हात गरम करायला. भिंतीशी चोवीस खुर्च्यांचे पाय आणि पाठी सुट्या पडल्या होत्या. वाचनालयाची मागणी होती, उद्या दुपारी टेम्पो यायचा होता. आणि अशा गारठ्यात गोंद सुकताना खडूसारखा पांढरा पडतो, सांधा धरतच नाही.

“सूनबाई,” नानांनी दारातूनच तोंड उघडलं, “मी सगळं ऐकलंय. मला काढायची तसदी कुणी घ्यायला नको, मी स्वतःच्या पायांनी–”

“नाना, जरा बाजूला व्हा,” मिस्त्री म्हणाले, “म्हाताऱ्याला उचलून बाहेर ठेवायचंय.”

आणि त्यांनी हीटरचं हँडल धरलं.

नानांनी हीटरकडे पाहिलं. मिस्त्रींकडे पाहिलं. पुन्हा हीटरकडे पाहिलं. त्यांचा जीव असा काही भांड्यात पडला, की आवाज बाहेर ऐकू गेला असता.

“काय म्हणत होता नाना? कुठे निघालात?” सूनबाईने विचारलं.

“मी? कुठे नाही. याला काय झालंय ते बघायला आलो,” नाना म्हणाले. “रॉकेल कुठलं भरलंत?”

“नवीनच आहे.”

“बरणीत काढून दाखवा.”

काचेच्या बरणीत रॉकेल स्वच्छ दिसलं. तळाला पाणी नाही, गाळ नाही. नानांनी हवेची जाळी काढून उजेडात धरली. ती मिस्त्रींनी झटकलेली होती.

“आता सुरू करा. आणि ती खिडकी चार बोटं उघडा आधी. कोंडून मरायचंय का सगळ्यांना?”

पंखा फिरला, ठिणगी पडली, भक्कन आग लागली. एक, दोन, तीन, नाना मोजत राहिले. दहाला आग गेली.

“पेटतो तर नीट,” नाना म्हणाले. “म्हणजे रॉकेल पोचतंय, ठिणगी पडतेय. विजेचा प्लग काढा. निवू दे त्याला.”

निवल्यावर त्यांनी वरचं झाकण उघडलं आणि नळकांड्याच्या मागच्या अंगाने वाटाण्याएवढा काचेचा तुकडा त्याच्या खोबणीतून अलगद ओढून काढला. तो काजळीने काळा झाला होता.

“हा त्याचा डोळा. आग लागली की नाही, हे हा बघतो. आत चांगली धगधगतेय, पण याला दिसतच नाही. मग आग नाहीच असं समजून बापडा रॉकेल बंद करतो.”

नानांनी खिशातला सुती रुमाल काढला, डोळा लख्ख पुसला, आगीकडे तोंड करून परत बसवला. झाकण लागलं, प्लग लागला. म्हातारा गुरगुरला. दहा झाले, वीस झाले, शंभर झाले. गरम झोत सगळ्यांच्या पायांवर आला आणि मिस्त्रींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, या वेळी खऱ्या.

“याला म्हातारा कोण म्हणालं?” नानांनी विचारलं.

मिस्त्रींनी सूनबाईकडे बोट दाखवलं. ती लाल झाली.

“तुम्ही घरी बसलात आणि इथे भलतंच सुनं झालं,” ती म्हणाली. “सकाळी आल्या आल्या गुरगुरणारा हा एकटाच उरला होता. म्हणून म्हणायला लागले. चार दिवस बंद आहे, पण काढून टाकवेना मला.”

नानांनी काजळी लागलेला रुमाल झटकला. ते रुमालाची घडी घालू लागले.

“पण नाना, तुमच्या वेळी हा कधी बंद पडला नाही, तो कसा?”

“कसा पडेल? तुम्ही सगळे चहाला गेलात की दर सोमवारी मी डोळा पुसायचो.”

“दर सोमवारी?”

“चाळीस वर्षांची सवय. आधीच्या हीटरचाही पुसायचो.”

“आणि हे चाव्या देताना सांगितलं नाहीत?” सूनबाईचा आवाज छताला लागला. “चार दिवस आम्ही कुडकुडतोय! वाचनालयवाले माझा जीव खातायत! असा कारखाना ताब्यात देतात का नाना? आणखी काय काय पोटात ठेवलंय? आता उभे काय राहिलात? कोट काढा! चोवीस खुर्च्या जोडायच्यात, दोन हात कमी पडतायत!”

मिस्त्री एकदम छताकडे बघू लागले. इतक्या चढ्या आवाजात ती सासऱ्यांशी आजवर बोलली नव्हती.

नानांना तर हसू आवरेना. त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि सांधे आवळून धरणारा पहिला क्लॅम्प उचलला. तो कसा लावायचा हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. पण सूनबाईने आणखी एकदा ओरडावं, म्हणून त्यांनी तो मुद्दाम उलटा लावला.