काळी चारचा अडकलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर कुलूप शोधू नका. मी वाजवायची पेटी, तुमच्यापैकी काही जण जिला हार्मोनियम म्हणतात ती. या एका नावामुळे एकदा मोठा घोटाळा झाला, आणि त्या घोटाळ्यानेच माझा जन्म सार्थकी लागला.

माझं सागवानी अंग नागपूरच्या एका कारागिराने घडवलं. माझे सूर, म्हणजे आतल्या पितळी जिभल्या, भावनगरकडून आले. तिथून समुद्र जवळ आहे म्हणे. मी मात्र तो कधी पाहिला नाही. रेल्वेत कारकून असलेल्या यशवंतरावांनी मला विकत घेतलं आणि मांडीवर धरून रायपूरला आणलं. त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई कीर्तनकार होत्या. सगळे त्यांना काकू म्हणत. ब्राह्मणपारा वस्तीतल्या देवळात काकू उभ्या राहिल्या की यशवंतराव माझी काळी चार दाबत. तो काकूंचा षड्ज. तेवढा एक सूर मिळाला की त्यांचा आवाज असा निघे, की बाहेर चपला सांभाळणारा माणूसही आत येऊन भिंतीला टेके. पूर्वरंगात माना डोलत आणि आख्यानात पदर डोळ्यांना लागत. बुक्क्याचा तो वास अजून माझ्या भात्यात आहे, असं मला वाटतं.

मग यशवंतराव गेले. काकूंनी मला पुसलं, मोठ्या पॉलिथिनमध्ये गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि माळ्यावर ठेवलं. प्रेमानेच हो, धूळ बसू नये म्हणून! पण मित्रांनो, पेटी श्वासावर जगते. आत ओल धरली, उंदरांनी ते पॉलिथिन कुरतडलं आणि मी मुकी झाले. काकूही त्यानंतर कीर्तनाला उभ्या राहिल्या नाहीत.

पुढे छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. गावात नवी नवी कार्यालयं उघडली. त्यातलं एक होतं ओडिशाच्या किनाऱ्यावरची कासवं जपणाऱ्या एका संस्थेचं. यशवंतरावांची पुतणी अनुश्री तिथे लागली. संस्थेसाठी लोकांकडून मदत मिळवायची, हे तिचं काम. तीन महिन्यांत काही जमलं नाही, तर तिची नोकरी जाणार आणि ते एका खोलीचं कार्यालयही बंद होणार. ती काकूंकडेच राही आणि माळ्याखाली बसून जेवी, म्हणून मला सगळं ऐकू येई.

“काकू, आज सिलतऱ्याच्या कारखान्यात गेली होती. साहेब हसून राहिले होते. म्हणे, मॅडम, यहाँ समुंदर कहाँ है?”

“मग तू काय केलं?”

“पावतीपुस्तक पुढे केलं.”

“पान वाढायच्या आधीच दक्षिणा मागितली तर कोण देईल, पोरी?”

अनुश्री नुसतीच हसली.

शेवटच्या आठवड्यात तिने देवळाच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. किनाऱ्यावरच्या कार्यालयातून तिचे वरिष्ठ शेखर सर स्वतः येणार होते. सभागृहाची व्यवस्था दत्तोपंतांकडे असे. तिने त्यांना फोन केला, “काका, एक पेटी लागेल. समोर ठेवा, सगळ्यांना दिसेल अशी.”

“हव, आहे ना!” म्हणून दत्तोपंत थेट आमच्या घरी आले. काकू पूजेत होत्या.

“वहिनी, पेटी नेऊ का?”

पूजेत काकू बोलत नसत. नेमकी त्या वेळी त्यांच्या हातातली घंटी वाजली. दत्तोपंतांनी तोच होकार धरला, आणि मी पॉलिथिनसकट सभागृहात येऊन बसले.

मला पाहून अनुश्रीने कपाळावर हात मारला. “काका, मला दानपेटी म्हणायचं होतं!”

“मग तसं सांगायचं ना! देवळात पेटी म्हटलं तर मले हेच समजते.”

आता उशीर झाला होता. अनुश्रीने भाषण सुरू केलं. कासवांच्या जाती, किनाऱ्याची लांबी, संस्थेचा पत्ता. लोक जांभया देऊ लागले. शेखर सरांनी डायरी मिटली. एवढ्यात दारातून आवाज आला.

“यांची पेटी काहून काढली?”

काकू होत्या. त्या सरळ माझ्यापाशी येऊन बसल्या. सुतळी सोडली, भाता उघडला, काळी चार दाबली. नुसती हवा फुसफुसली. पुन्हा दाबली. काही नाही. काकूंचा चेहरा पडला. मग यशवंतराव करत तसं त्यांनी माझं झाकण काढून उलटं ठेवलं, सुरांची फळी उचलली आणि अंबाड्यातल्या आकड्याने हळूच काहीतरी ओढून काढलं. उंदरांनी कुरतडलेला पॉलिथिनचा तुकडा. कित्येक वर्षं तो माझ्या घशात होता.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. “अनु, तुझ्या त्या कासवांना काय होते म्हणत होती?”

“पाण्यात तरंगणारं पॉलिथिन त्यांना खाणं वाटते, काकू. ते पोटात, घशात अडकते अन् जीव जातो.”

“अन् समुद्रात ते येते कुठून?”

“इथूनही जाते. आपल्या खारून नदीतून शिवनाथेत, तिथून महानदीत, अन् महानदी थेट समुद्रात.”

काकू उठल्या, पदर खोचला. “धर काळी चार.”

लहानपणी यशवंतरावांच्या मांडीवर शिकलेलं बोट अनुश्रीने ठेवलं. मी बोलले, मित्रांनो! आणि कित्येक वर्षांनी काकूंचा आवाज त्या सुरावर येऊन बसला. त्यांनी कूर्मावताराचं आख्यान लावलं. समुद्र घुसळताना बुडणारा पर्वत देवाने कासव होऊन पाठीवर कसा तोलला, ते गाऊन सांगितलं. मग थांबल्या.

“म्हणून देवाच्या दारात दगडाचं कासव असते. त्याले पाय लागू नये म्हणून आपण बाजूने जातो. अन् जित्या कासवाच्या घशात हे कोंबून राहिलो!” त्यांनी तो तुकडा वर धरला.

कोणी काही मागितलं नाही. दत्तोपंत उठले आणि खिशात होतं ते माझ्या उलट्या झाकणात ठेवून आले. मग एकेक करत रांगच लागली. त्या दिवशी मी दोन्ही अर्थांनी पेटी झाले.

शेवटी शेखर सर अनुश्रीजवळ आले. “सोमवारी वेळेवर या. आणि काकूंना विचारा, भिलाईच्या कार्यक्रमाला कधी येतील? पेटी घेऊनच या म्हणावं.”

“कोणती पेटी, सर?” अनुश्रीने विचारलं, आणि डोळे पुसता पुसता हसली.

आता माझ्यावर सुती अभ्रा असतो आणि रोज सकाळी माझा भाता उघडतो. मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर कोणी मायेने बांधून ठेवलेलं असेल, तर त्याला खाली उतरवा, श्वास घेऊ द्या. आणि बाजारात निघालात की कापडी पिशवी विसरू नका. माझ्या घशातला तुकडा काकूंच्या आकड्याने निघाला. पण एवढ्या मोठ्या समुद्रात त्या मुक्या जिवाजवळ आकडा घेऊन कोण बसलं आहे?