कानातलं बोलणं

माझी लेक गार्गी तीन वर्षांची झाली तरी मोठ्याने बोलत नव्हती. काही हवं असलं की माझी मान खाली ओढायची आणि कानात सांगायची. मग ते मी सगळ्यांना सांगायचे. प्लेग्रुपच्या मॅडम म्हणाल्या, "वर्गात एक शब्द नाही हो. एकदा दाखवून घ्या." मी स्पीच थेरपिस्टकडे बुधवारची वेळ घेतली आणि यज्ञेशला मेसेज टाकला. यज्ञेश, माझा नवरा, तेव्हा पलीकडच्या खोलीत झोपला होता.

त्याचं ऑफिस अंधेरीत, पण काम अमेरिकेच्या घड्याळावर. सकाळी येतो, दिवसभर झोपतो. आमचं कांजूरमार्गचं घर वन बीएचके. डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास येतो म्हणून खिडक्या बंद. त्या बंद घरात साधा चमचा पडला तरी मी आधी खोलीच्या दाराकडे बघते. कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की मी धावत जाऊन गॅस बारीक करते. गार्गी खेळणी गादीवर घेऊन खेळते. "बाबा झोपलेत" हे तिचं पहिलं वाक्य.

"उगाच टेन्शन घेतेस यार," यज्ञेश म्हणाला. "माझा नंदूकाका चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होता. आता थांबतो का?"

पण रविवारी दुपारी उठल्यावर तोच म्हणाला, "चल दीप्ती, वर्सोव्याला जाऊ. घरात डोकं फुटतंय."

मी मोबाईलवर भरती-ओहोटीची वेळ बघितली. ओहोटी होती. बरं झालं, पाणी लांब असेल. ओहोटीला खडक उघडे पडतात हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. शेवाळ, काचा, काय काय. गार्गी थेट तिकडेच निघाली.

"सांभाळ रे तिला! हात सोडू नकोस!"

"तू येतेस का?"

"माझ्या चपला घसरतात. तुम्ही लवकर या."

मी वाळूवर उभी राहिले. खडकातल्या एका डबक्याशी दोघं उकिडवे बसले. थोड्या वेळाने गार्गीने मागे वळून बघितलं. मला कळलं, तिला काहीतरी सांगायचंय आणि माझा कान जवळ नाहीये. तिने यज्ञेशचा टीशर्ट ओढला. तो वाकला.

"काय? काय गं? वाऱ्यात ऐकू येत नाहीये."

ती पुन्हा त्याच्या कानाशी गेली. त्याने नाही म्हणून मान हलवली. मी चपला हातात घेतल्या आणि खडकावर पाय ठेवला.

"बाबा, शंखाला पाय आहेत!"

मी तशीच थांबले.

"अरे हो की! पळाला बघ! पकड, पकड!"

"नको पकडू! तो घाबरेल ना!"

घोगरा, जाड आवाज. दटावणारा. माझ्या मुलीचा आवाज असा आहे हे मला इतक्या लांबून कळत होतं. माझे डोळे भरून आले. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण ज्याला सांगायचं तो तिच्याच शेजारी बसला होता. मी पाय पुन्हा वाळूत घेतला. आता दोघं वळून बघतील, आता हाक मारतील, म्हणून वाट बघत राहिले. त्यांच्या पाठीच दिसत होत्या.

परतताना रिक्षात गार्गी यज्ञेशच्या मांडीवर बसून बडबडत होती. मी विचारलं, "शंख कसा होता गं?"

"तू नव्हतीस ना. बाबाला विचार."

यज्ञेश खो खो हसला. मीही हसले.

मंगळवारी सकाळी तो कामावरून आला आणि खोलीत गेला. त्याच्यामागे गार्गी. तिला ओढून घ्यायला मी हात पुढे केला, पण तोवर दार लागलं होतं. आतून तिचा तो जाड आवाज आला. मग यज्ञेशचा झोपाळू हुंकार, मग दोघांचं हसणं. कशावर, ते कळेना. थेरपिस्टची वेळ मी रद्द केली नव्हती. उद्या जावं की नको, त्यालाच विचारायचं होतं.

दाराबाहेर उभी राहून मी बराच वेळ ऐकत होते. टकटक करावी का, ते काही ठरेना.