सरकारदरबारी जिवंत

रेडिओवर डिम्फ्ना कीव्हनीचं नाव आलं तेव्हा अट्रॅक्टा गिल्डी चहात दूध ओतत होती. ओतणं थांबलं नाही. आधी कप भरला, मग टेबल.

सकाळच्या बातम्यांनंतर जिल्ह्याच्या रेडिओवर वारलेल्यांची नावं वाचतात. तेवढा वेळ दत्तक-नोंदींच्या कचेरीत काम बंद असतं. एरवीही ते फार जोरात चालतं असं नाही, पण त्या वेळेला न चालण्याला निदान कारण असतं.

"कीव्हनी, डिम्फ्ना. माहेरच्या टार्पी. राहणार कार्राबेग. घरच्यांच्या सहवासात, शांतपणे. मागे पती मॅटी, मुली उना आणि ग्रॅनिया. अंत्यदर्शन आज संध्याकाळी पाच ते सात. दफन उद्या, अकराच्या प्रार्थनेनंतर."

मागे एक मुलगाही होता. तो रेडिओवर नव्हता. तो अट्रॅक्टाच्या कपाटात होता. मॅलकी टॉर्मी, वय बासष्ट, धंदा बॉयलर दुरुस्ती, शेजारच्या जिल्ह्यात. नन्सनी चालवलेल्या प्रसूतिगृहातून सहा आठवड्यांचा असताना दत्तक गेलेला. आईचं नाव काय, हे तो आयुष्यभर विचारत आला होता आणि आता नव्या कायद्याने त्याला ते मिळणार होतं. गुरुवारी दुपारी. आज मंगळवार होता.

कायदा तसा उदार होता. दत्तक गेलेल्या प्रत्येकाला आपली फाईल मिळेल. पण आईने 'मला संपर्क नको' असं कचेरीला कळवलं असेल, तर अर्जदाराने आधी समोर बसून तिचा नकार ऐकायचा. ऐकून झाला की फाईल घेऊन घरी जायचं. म्हणजे मुलाला नाव मिळालं, आईला शांतता मिळाली, आणि दोघांच्या मध्ये सरकारने एक खुर्ची ठेवून तिच्यावर अट्रॅक्टाला बसवलं.

डिम्फ्नाबाईंचा नकार तिनेच नोंदवून घेतला होता. बाईंनी बाजारातल्या गाडीतळावरून, गाडीच्या काचा वर करून फोन केला होता. त्याच्याविषयी मनात काही वाईट नाही असं सांगा, म्हणाल्या, पण मॅटीला ठाऊक नाही आणि आता सांगायचं वय राहिलं नाही. अर्जात 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. अट्रॅक्टाने 'नाही'वर खूण केली. बाकीचं वाक्य तिच्याकडेच राहिलं.

टेबल पुसून ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे फर्गल हेशन, तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. तो पूर्वी विद्यार्थ्यांच्या शिक्षण-अनुदान खात्यात होता. तिथे एका मुलीने वडील वारल्याचा पुरावा म्हणून त्यांच्या श्राद्धप्रार्थनेचं फोटोचं कार्ड जोडलं, तेव्हा त्यावर वडिलांची सही नाही म्हणून फर्गलने ते परत पाठवलं होतं, अशी त्याची कीर्ती होती. तो स्वतः ती गोष्ट नाकारत नसे. फक्त, सही लागते ती दुसऱ्या पानावर, एवढी दुरुस्ती करी.

अट्रॅक्टाने सांगितलं की आई वारली असेल तर नकार ऐकवण्याची अट उरत नाही. फाईल आजच देता येईल. मुलाला संध्याकाळी पोचता येईल.

"वारल्या असतीलही," फर्गल म्हणाला. "पण आपल्याकडे त्या वारलेल्या नाहीत. दाखला कुठाय?"

"अरे, रेडिओवर सांगितलं. सगळ्या जिल्ह्याने ऐकलं."

"जिल्ह्याने ऐकलं. खात्याने नाही."

दाखला म्हणजे घरच्यांनी सवडीने जाऊन केलेली नोंद. त्याला लोक महिना महिना लावतात, आणि कायदा त्यांना लावू देतो. तोवर डिम्फ्ना कीव्हनी सरकारदरबारी जिवंत होत्या आणि त्यांची संपर्काला ना होती. मग गुरुवारची भेट आज घेऊ, असं अट्रॅक्टा म्हणाली. त्यावर फर्गलने समजावलं की तारीख बदलायची तर अर्जदाराने लेखी मागायला हवं. अर्जदार मागेल केव्हा, तर कारण कळेल तेव्हा. आणि कारण सांगायला मनाई आहे. स्वतः बांधलेली भिंत पाहुण्याला दाखवावी तशा समाधानाने त्याने हे सांगितलं. वर, कायदा विभागाला विचारून बघतो, असंही म्हणाला. ते महिन्याभरात उत्तर देतात.

"एवढी घाई कसली, अट्रॅक्टा? बाई आता कुठे जाणारेत?"

"जमिनीखाली. उद्या दुपारी."

फर्गलने पेन उचललं, ठेवलं. मग म्हणाला, नियम मी केलेले नाहीत. तेही खरंच होतं.

अट्रॅक्टाने दात दुखतो म्हणून अर्धी रजा टाकली. एका अर्जदारासमोर नुसतं गावाचं नाव निसटलं म्हणून तिच्या कचेरीतल्या एकीची नोकरी गेली होती. अट्रॅक्टाला निवृत्तीवेतनाला दोन वर्षं उरली होती. नवरा नव्हता, असण्याची शक्यता लोकांनी कधीच सोडून दिली होती. गाडी चालवताना तिला नोकरीची भीती वाटली, पण त्याहून जास्त ती बंद काचांच्या गाडीतल्या बाईची वाटली. तिने विश्वासाने 'नाही' सांगितलं होतं. ते 'नाही' मोडायला आपण निघालो आहोत की काय, हे तिला गावाची वेस ओलांडेपर्यंत ठरवता आलं नाही. वेस ओलांडल्यावर परत फिरायला जागाच नव्हती. रस्ता अरुंद होता आणि मागे ट्रॅक्टर होता.

मॅलकी टॉर्मी दाराच्या पायरीवर बसून उकडलेले बटाटे खात होता. उंच, मोठे कान, बायको जाऊन चार वर्षं झालेली. वसंतात कचेरीत आला होता तेव्हा म्हणाला होता, मला काही मागायचं नाही, फक्त मी कुणासारखा दिसतो ते बघायचंय. अट्रॅक्टाला बघून तो उभा राहिला. भेट रद्द झाली असावी, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट आलं.

भेट गुरुवारीच आहे, ती म्हणाली. मी त्यासाठी आले नाही. मला संध्याकाळी एका अंत्यदर्शनाला जायचंय आणि माझी गाडी बिघडली आहे. सोबत कुणी असेल तर बरं.

मॅलकीने तिच्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं. तिची गाडी तिथे उभी होती. इंजिन अजून टकटक करत निवत होतं.

"कोण वारलं?"

"ते मला सांगता येत नाही."

हातातल्या काट्याला टोचलेला बटाटा त्याने हळूच ताटलीत ठेवला.

"काळा टाय लागेल ना, बाई?"

"लावलात तर बरं."

ती दारातच थांबली आणि त्याला एक गोष्ट कबूल करायला लावली. तिथे एक म्हातारा असेल. त्याला काही ठाऊक नाही. आज कळता कामा नये, उद्याही नाही, कधीच नाही. मॅलकी म्हणाला, लोकांच्या घरात शिरून, काम करून, काही न बघता बाहेर पडायचं, हाच माझा धंदा आहे.

ते मॅलकीच्या व्हॅनमधून निघाले. तिच्यावर 'टॉर्मी, बॉयलर व हीटिंग' असं ठळक रंगवलेलं होतं, म्हणून ती त्यांनी कार्राबेगच्या चर्चमागे लावली. अंत्यदर्शनाच्या घराबाहेर रांग रस्त्यापर्यंत आली होती. आपल्याकडे या रांगेत कुणीही उभं राहावं. मेलेल्या माणसाला बघावं, घरच्यांचे हात हातात घ्यावेत, 'वाईट झालं हो' म्हणावं आणि सँडविचकडे जावं. आमंत्रण लागत नाही, नातं लागत नाही. फक्त रांगेतले लोक एक प्रश्न विचारतात, आणि तोच नेमका मॅलकीला बासष्ट वर्षं पुरला होता.

"आणि तुम्ही कुणाकडचे?" पुढच्या टेसी फॅलनने मागे वळून विचारलं. टेसी पोस्टात असते.

"टॉर्मी," मॅलकी म्हणाला.

"कुठले टॉर्मी? पुलाकडचे? त्यांच्यात असे कान नाहीत." टेसी मान तिरकी करून बघू लागली. "हे कान मी कुठेतरी पाहिलेत हं."

तेवढ्यात अट्रॅक्टाने त्याच्या दंडात हात घातला.

"माझ्याबरोबर आहेत," ती म्हणाली.

टेसीच्या डोक्यातून कान पार पुसले गेले. तिने अट्रॅक्टाच्या हाताकडे पाहिलं, मग मॅलकीच्या बुटांपासून वरपर्यंत पाहिलं.

"अगं बाई. कधीपासून?"

"आज दुपारपासून," अट्रॅक्टा म्हणाली. गरज नसताना ती खोटं बोलत नसे.

ही बातमी रांगेत पुढे सरकली आणि रांगेच्या आधी आत पोचली. त्यामुळे ती दोघं दारातून आत आली तेव्हा लोकांनी अट्रॅक्टाकडे पाहिलं, आणि मॅलकीला पेटीपाशी एकट्याला उभं राहता आलं. पेटीच्या अंगावरच्या पितळी पट्टीवर नाव होतं. त्याने ते वाचलं, ओठ हलवून. मग आत पाहिलं. बाईंचे केस नीट मागे घेतलेले होते, आणि कान उघडे होते.

अट्रॅक्टाच्या मागे पन्नास माणसं होती, पुढे उना, ग्रॅनिया, आणि खुर्चीत मॅटी. मॅलकीने हात पुढे केला आणि बाईंच्या जपमाळ गुंडाळलेल्या हातावर आपल्या हाताची पाठ टेकवली. गरम पाणी पोचतंय का ते बघायला तो खोली तापवणाऱ्या रेडिएटरला लावत असेल, तशी. थोडा वेळ तशीच ठेवली. मग काढली आणि पुढे सरकला.

उनाचा हात. वाईट झालं. ग्रॅनियाचा हात. वाईट झालं. दोघींनी आभार मानले. त्यांना त्या संध्याकाळी सगळेच चेहरे सारखे दिसत असावेत. मॅटीने मात्र हात सोडला नाही. कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखा तो वर तोंड करून बघत राहिला.

"मी ओळखलं नाही तुला, बाळ. तू ओळखायचास का तिला?"

अट्रॅक्टाला निवृत्तीवेतन, फर्गल, काचा वर केलेली गाडी, सगळं एकदम दिसलं.

"लहानपणी," मॅलकी म्हणाला. "थोडे दिवस."

मॅटीने मान हलवली. "लहान पोरांचं तिला फार होतं," तो म्हणाला, आणि हात सोडला.

सँडविच त्यांनी खाल्ले नाहीत. परतीच्या वाटेवर, वस्ती संपल्यावर, अट्रॅक्टाने चौकोनात न मावलेलं वाक्य त्याला सांगितलं. त्याच्याविषयी मनात काही वाईट नाही. मॅलकीने ते पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं. मग त्याने विचारलं की त्यांचा आवाज कसा होता. अट्रॅक्टा म्हणाली, बारीक, पण घाबरलेला नाही. हे तिने जरा वाढवून सांगितलं.

बुधवारी गावात तिघींनी तिचं अभिनंदन केलं. गुरुवारी सकाळी फर्गलनेही चौकशी केली. कान मोठे आहेत म्हणे, तो म्हणाला. दुपारी मॅलकी टॉर्मी दारातून आत आला तेव्हा फर्गल कॉरिडॉरमध्ये उभा होता. त्याने ते कान पाहिले, अट्रॅक्टाकडे पाहिलं. मग खोलीचं दार स्वतः ओढून घेताना म्हणाला, "दात बरा आहे ना आता?"

अट्रॅक्टाने ठरलेला मजकूर समोर घेतला. तो शब्दशः वाचावा लागतो आणि मग दोघांच्या सह्या होतात.

"आपल्या जन्मदात्या मातेने," तिने वाचलं, "या कार्यालयाला कळवलं आहे की तिला आपल्याकडून कोणत्याही प्रकारचा संपर्क नको आहे. हा तिचा खाजगीपणाचा अधिकार आहे. आपल्याला हे समजलं का?"

"समजलं."

"आपण तिच्या इच्छेचा मान राखाल का?"

मॅलकी खुर्चीत नीट बसला.

"राखीन," तो म्हणाला, शेजारच्या खोलीत कुणाचा तरी नुकताच डोळा लागावा तितक्या हळू.