सुचिताचं मत

खामगावला मतमोजणीच्या टेबलावर माझ्या माहेरच्या वॉर्डाचं यंत्र आलं. कर्मचाऱ्याने बटण दाबलं आणि सुचिताच्या नावापुढे शून्य उमटलं.

सुचिता माझी भावजय, माझा भाऊ राजकुमार याची बायको. नाल्यापलीकडच्या वस्तीला नळ नाही. तिथल्या बायकांनीच तिला ग्रामपंचायतीला उभं केलं होतं. गावात ज्यांचा शब्द चालतो त्या गुलाबरावांना मात्र आपली सून बिनविरोध निवडून यायला हवी होती. गावात फूट नको, एवढंच त्यांचं म्हणणं. सुचिताने अर्ज मागे घेतला नाही. मुदत संपल्यावर त्यांनी सगळा वॉर्ड महादेवाच्या देवळात बोलावला आणि मत आपल्या सुनेलाच पडेल, अशी शपथ म्हणून प्रत्येकाला बेलभंडारा उचलायला लावला. सुचिता मागे उभी होती.

"काऊन वो, तू गावाच्या बाहेरची हायेस का?" गुलाबरावांनी तिला हसत विचारलं. लोकही हसले. तिने हात पुढे केला.

हे तिने फोनवर सांगितलं, तेव्हा मी तिला नीट समजावलं. मत गुप्त असतं. बटण कोणी दाबलं, याची यंत्रात नोंदच राहत नाही. दडपणाखाली घेतलेल्या शपथेला कायद्यात किंमत नाही. वस्तीत घरोघरी जाऊन हेच सांग, म्हणाले. ती "हाव ताई" म्हणाली, आणि खरंच घरोघरी गेली.

त्यामुळे शून्य बघून मला आधी यंत्राचीच शंका आली. पाच-दहा मतं मला समजली असती. मी अधिकाऱ्यांना म्हणाले, "उमेदवार इथे उभी आहे. तिचं स्वतःचं मत तरी कुठे गेलं?"

अधिकारी चिडले नाहीत. झालेलं मतदान आणि मोजलेली मतं त्यांनी माझ्यासमोर ताडून दाखवली, निकाल पुन्हा उघडला. शून्यच. मी तक्रार लिहायला कागद मागितला, तेवढ्यात सुचिताने माझा दंड धरून मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"यंत्र बरोबर हाये, ताई."

मला कळायला थोडा वेळ लागला.

"तू गुलाबरावांच्या सुनेला मत दिलंस?"

"बेल उचलला होता न म्या."

कोणालाही कळलं नसतं, हे मी तुला सांगितलं होतं, असं मी म्हणाले.

"हाव. मले त कळलं असतं न."

राजकुमार भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत पुटपुटला, त्याला वाटलं होतं की बाकीच्यांची तर पडतीलच.

फाटकापाशी वस्तीतल्या बायका थांबल्या होत्या. त्यांच्यातल्या आशाबाईंनी किती मतं पडली म्हणून विचारलं. सुचिताने सांगितलं. त्या एकमेकींकडे बघू लागल्या. माझ्या लक्षात आलं, प्रत्येकीला वाटलं होतं की शपथ पाळणारी आपण एकटीच.

"मंग पान्याचं कसं?" आशाबाई म्हणाल्या.

आतून गुलाल उधळत गुलाबरावांची माणसं बाहेर येत होती. यंत्रात किंवा मोजणीत काहीच चुकलं नव्हतं. सुचिताने पदर सारखा केला.

"आता त्यायलेच मांगू," ती म्हणाली, आणि बायकांना घेऊन गुलालाच्या दिशेने निघाली.