शेवटच्या पाकिटावरचं झाकण

मित्रांनो, राज्यं बुडाली, घराणी संपली, तख्तं उलटली; पण ज्याच्यावाचून माणसाचं एक दिवसही चाललेलं नाही, असं या जगात एकच आहे. ते म्हणजे झाकण. हे मी अभिमानानं सांगतो, कारण मी एक जुनं झाकण आहे. माझ्याबरोबर जन्मलेला तवा अकरा वर्षांपूर्वी भंगारात गेला. आताच्या तव्यावर मी नीट बसतही नाही. डावीकडे बोटभर फट राहते.

दक्षिण तैवानातल्या छाओचौ गावी चिन-तेंगच्या घरी मी त्याच्या लग्नात आहेर म्हणून आलो. चिन-तेंगचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे माझी मूठ निखळली, तेव्हा त्यानं तिच्या जागी सायकलच्या घंटीची वाटी बसवली. तेव्हापासून मला उचललं की बारीकसं 'टिंग' होतं. घरात येणारी माणसं हसायची. मी मात्र त्याला बढती समजत आलो.

माझी खरी मालकीण युए-श्या, चिन-तेंगची बायको. चांद्रवर्षाचा बारावा महिना लागून कोरडा वारा सुटला की ती सॉसेज करायला बसायची. डुकराच्या मागच्या पायाचं मांस, थोडी चरबी, साखर, मसाला आणि ज्वारीची कडक दारू. आतडी भरायची, दोऱ्यानं बांधायची, सुईनं टोचायची आणि अंगणात बांबूवर वाळत घालायची. मग सहा-सहाची पाकिटं करून फ्रीजरमध्ये. मुलगी पेइ-च्युन तैपेईला नोकरीला लागल्यापासून दर खेपेला तिच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पाकिटं जायची.

गोठलेलं सॉसेज शिजवणं ही साधी गोष्ट नाही, मित्रांनो. गार तवा, अर्धी वाटी पाणी, त्यात सॉसेज तशीच ठेवायची, आच बारीक आणि वर मी. आतली गुडगुड थांबून चर्र आवाज सुरू होईपर्यंत मला हात लावायचा नाही. मग मला उचलायचं आणि सॉसेज आपल्याच चरबीत लोळवायची. एकदा युए-श्या बाहेर गेली असताना चिन-तेंगनं दगडासारखं सॉसेज थेट कडकडीत तेलात टाकलं, तेही माझ्याविना. ते फुटलं आणि अर्धं छताला चिकटलं.

"छताला भूक लागली होती का रे, म्हाताऱ्या माकडा?" युए-श्यानं दारातूनच विचारलं.

"बघत होतो, शिजलंय का."

"वर चढून बघणार होतास?"

त्यानंतर चिन-तेंग शेगडीकडे फिरकला नाही.

मागच्या वर्षी वसंतात युए-श्या भाजीबाजारात कोसळली. नऊ दिवस इस्पितळात होती. दहाव्या दिवशी ती गेली. फ्रीजरमध्ये चार पाकिटं उरली होती. अंत्यविधीच्या दिवसांत राबायला आलेल्या शेजारणींनी तीन शिजवून सगळ्यांना वाढली. माणसं बोटं चाटत म्हणाली, "काय हात होता हो तिचा." चौथं पाकीट चिन-तेंगनं गोठलेल्या माशांखाली लपवलं.

तेव्हापासून दर चांद्रमासाच्या एकला आणि पंधराला तो तिच्या नावाच्या लाकडी पाटीपुढे ताट मांडू लागला. ओटा आणि देव्हारा यांच्यामध्ये नुसतं एक दार आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. उदबत्ती अर्धी जळली की तो चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचा आणि विचारायचा, "झालं का गं जेवून?" एक उताणा आणि एक पालथा पडला, तर गेलेलं माणूस हो म्हणालं. दोन्ही उताणे पडले, तर ते नुसतंच हसलं, उत्तर दिलं नाही. चिन-तेंग तीनदा टाकायचा आणि तीनदा म्हणायचा, "हसतेय." मग ताट उचलायचा. शेजारीण म्हणाली, "हसतेय म्हणजे खूश आहे हो." त्यावर तो आणखी नेमानं ताट मांडू लागला.

मला मात्र त्या वर्षभरात एकदाही कोणी भिंतीवरच्या खिळ्यावरून काढलं नाही.

परवा वर्ष भरलं. पेइ-च्युन आदल्या संध्याकाळीच आली होती. दुपारी दोनला पुरोहित येऊन युए-श्याची वेगळी पाटी जाळणार होते आणि तिचं नाव घरातल्या पूर्वजांच्या पाटीत घालणार होते. एकदा तिथे गेली की ती सगळ्यांच्या पंगतीला. तिच्या एकटीचं ताट पुन्हा मांडायचं नसतं. हे तिचं शेवटचं ताट होतं.

चिन-तेंगनं फ्रीजर उघडला आणि ते पाकीट ताटलीत ठेवलं. ठक्क आवाज झाला.

"आ-पा, हे काय?" पेइ-च्युननं बापाला विचारलं.

"सॉसेज."

"ते दिसतंय. असा दगड ठेवणार आ-बूपुढे?"

"नेहमी असंच ठेवतो."

"नेहमी म्हणजे?"

"एकला आणि पंधराला."

"मग ते अजून उरलंय कसं?"

"उदबत्ती विझली की परत आत ठेवतो."

"वर्षभर? हेच पाकीट?"

"दुसरं कुठलं आहे?"

तिनं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. कोपऱ्यात लालसर पाण्याचा बर्फ साचला होता. चोवीस वेळा वितळून चोवीस वेळा गोठलेलं ते पाकीट तिनं शेगडीजवळ नेऊन ठेवलं.

"का शिजवलं नाहीत, आ-पा?"

"शिजवलं की मागाहून आपण खावं लागतं," चिन-तेंग म्हणाला. "खाल्लं की संपतं."

तिनं मला खिळ्यावरून काढलं, वर्षाची धूळ धुतली आणि तव्यात अर्धी वाटी पाणी ओतलं.

"पाणी? तेल नाही?"

"चाळीस वर्षं तुम्ही काय बघत होतात?"

"टीव्ही," चिन-तेंग खरं बोलला.

मित्रांनो, तव्यातली बातमी सगळ्यांत आधी झाकणाला कळते. माझ्या पोटाशी वाफ आली आणि मला कळलं. दारू नव्हती, साखर नव्हती. ओल्या फडक्याचा आंबूस वास होता. मी जमेल तेवढं घट्ट बसलो, पण ती डावीकडची फट. पेइ-च्युनपर्यंत वास गेलाच. तिनं मला उचललं. टिंग.

"झालं?" चिन-तेंगनं विचारलं.

"झालं."

"वास बरोबर येतोय ना?"

"लसूण जरा जास्त ठेवू," ती म्हणाली.

तिनं तिरके काप केले, सोबत कच्च्या लसणाच्या पाकळ्या ठेवल्या आणि ताट बाहेर नेलं. उदबत्ती जळत गेली. मग लाकूड जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली, तिसऱ्याची पाहिली. तो एकदाच आला.

"हो म्हणाली," चिन-तेंग म्हणाला.

ताट घेऊन तो आत आला, एक काप उचलून तोंडाशी नेला. पेइ-च्युननं त्याचं मनगट धरलं.

"नको, आ-पा."

"ताटातलं खायचं असतं."

"नासलंय ते. सारखं वितळून गोठलं की मांस नासतं."

"कधीपासून?"

"बऱ्याच दिवसांपासून असेल."

चिन-तेंगनं काप ताटात ठेवला. बोटं सदऱ्याला पुसली. पुसतच राहिला.

"आ-बू असती तर केवढी ओरडली असती," त्याला हसवायला ती म्हणाली.

"ओरडायला हवं होतं," चिन-तेंग म्हणाला. "वर्षभर नुसती हसत राहिली."

तिनं ताट कचऱ्याच्या पिशवीकडे नेलं, तेव्हा त्यानं ते तिच्या हातून काढून घेतलं, सगळे काप परत तव्यात ठेवले आणि मला वर ठेवलं. दोनला पुरोहित आले. पाटी जळली. संध्याकाळच्या गाडीनं पेइ-च्युन गेली. काल तिचा फोन आला.

"आ-पा, ते टाकलंत ना?"

"टाकलं," माझ्याकडे बघत चिन-तेंग म्हणाला.

मित्रांनो, जे प्रिय असेल ते गरम असतानाच वाढा आणि गरम असतानाच खा. झाकून ठेवलेलं टिकतं, असं लोक समजतात. झाकल्यानं वस्तू टिकत नाही, फक्त दिसेनाशी होते. हे एका झाकणानं सांगावं हे बरं दिसत नाही, पण दुसरं कोण सांगणार?

बाकी माझी तक्रार नाही. त्याला मला उचलवत नाही, हे मला कळतं. पण आज तिसरा दिवस आहे आणि दक्षिणेत उकाडा सुरू झालाय. तुमच्यापैकी कोणी छाओचौकडे जाणार असेल, तर मला जरा बाजूला काढून ठेवा. वास फार येतोय.