पहिलं बाळंतपण माहेरी

पाचवा महिना लागला तसा क्षिप्राच्या आईने सांगलीहून फोनवर धोशाच लावला. "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. तिकडे तुला डिंकाचे लाडू कोण वळून देणार? सरकार?"

गंमत म्हणजे सरकार खरंच बरंच काही देणार होतं. लोकांना मुलं व्हावीत म्हणून सिंगापूरचं सरकार त्या काळात नुसतं हातापाया पडत होतं. बेबी बोनस काय, पाळणाघराच्या फीमध्ये सवलत काय, मोलकरणीवरच्या करात सूट काय! त्याच भरवशावर निशिकांतने भारतीय पासपोर्ट सोडून इथलं नागरिकत्व घेतलं होतं आणि दोघांच्या पगारावर बुकित बातोकला फ्लॅट घेतला होता. क्षिप्रा अजून पीआरच, म्हणजे इथली कायम रहिवासी पण भारतीय नागरिक, होती. पण बाप नागरिक म्हणजे मूल नागरिक, यात विचारायचं काय? दोघंही अकाउंटंट, आणि दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

खरं तर क्षिप्रालाच आई हवी होती. ती सांगलीला गेली, अवनी झाली, शेकशेगडी झाली, आणि लेकीचा भारतीय पासपोर्ट काढून ती परत आली.

नागरिकत्वाच्या कचेरीतली खिडकीमागची बाई फार गोड बोलली. "बाळ भारतात जन्मलं, आई भारतीय. म्हणजे ते जन्मतःच भारतीय झालं. वडील जन्माने इथले नाहीत, अर्ज करून नागरिक झालेत, त्यामुळे अशा बाळाला इथलं नागरिकत्व आपोआप मिळत नाही. वेगळा अर्ज करा, पण उत्तर काय येईल ते सांगता येत नाही."

"आणि इथेच जन्मली असती तर?" निशिकांतने विचारलं.

"मग काही प्रश्नच नव्हता," म्हणत तिने अवनीला बोट धरायला दिलं.

नागरिकत्व नाही म्हणजे बोनस नाही, सवलत नाही, सूट नाही. त्यात मंदीचं वर्ष, निशिकांतचा पगार कापलेला. पाळणाघराची पूर्ण फी भरायची तर क्षिप्राची नोकरी कशाला? नोकरी सोडायची तर फ्लॅट जाणार. "मी म्हटलं होतं, इथेच कर," निशिकांत एकदा म्हणाला. त्याने असं मुळीच म्हटलं नव्हतं. क्षिप्रा भांडलीसुद्धा नाही. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. शेवटी तिने सांगलीला फोन लावला.

"अगं, मग आण की तिला इकडे!" आईच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "मला काय जड आहे का ती? शाळेत जाईपर्यंत राहू दे."

क्षिप्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या हट्टापायी माझं लेकरू माझ्यापासून तुटतंय, असं ओरडावंसं वाटलं. मांडीवर अवनी तिची ओढणी तोंडात घालून चोखत होती.

"आणि बरं झालं हं, तू बाळंतपणाला इकडे आलीस," आई म्हणाली. "माझी सवय आहे तिला."

"हो आई, बरं झालं," क्षिप्रा म्हणाली. आईला दुखवून चालणार नव्हतं. अवनीला ठेवायला तिला जगात दुसरं घर नव्हतं.