वीतभर जागा

हवालदाराने पालथं पडूनच सळई तिरकी करून मातीत सरकवली आणि ती अडली तसा हात जागच्या जागी थांबवला. मग बोटांनी हळूहळू माती बाजूला केली. सुरुंग काढणाऱ्या त्याच्या तुकडीने सकाळपासून कालव्याच्या बांधावरून चौदा सुरुंग उचलले होते. हा पंधरावा, शेवटचा. पण याच्या पोटाखाली दुसरा जोडलेला होता. वरचा हलवला की खालचा फुटणार. जागेवरच उडवावा, तर बांध फुटला असता, आणि जखमींना पलीकडच्या इस्पितळात न्यायला दुसरी वाट नव्हती.

त्याने वितीने अंतर मोजलं. सुरुंग आणि बांधाची कड यांच्यामध्ये गाडी मावत होती. डाव्या चाकापाशी वीतभर जागा उरत होती.

मागे जखमींनी भरलेल्या सात गाड्या उभ्या होत्या. पहिली दुधाची, लढाई सुरू झाल्यावर मालकासकट कामाला लावलेली. मालकाला सगळे मामा म्हणत. पन्नाशी उलटलेला, एरवी तोंडाचा पट्टा न थांबणारा माणूस. पण आज खाली उतरून त्याने ती जागा पाहिली आणि मोजकंच बोलला. उजवी कड दिसते, डावं चाक दिसत नाही. मागे नऊ पोरं आहेत, त्यांचा जीव अंदाजावर टाकणार नाही.

हवालदाराला राग आला नाही. हुकूम सोडता आला असता, पण हुकमाने डावं चाक दिसणार नव्हतं. तो चालत गेला आणि सुरुंगाच्या दोन बाजूंना पाय रोवून उभा राहिला.

"चाक मी बघतो, मामा. तुम्ही फक्त माझ्या हाताकडे बघा."

"अरे, पण तू तिथे..."

"इथूनच दिसतं ते."

मामाने तळहात विजारीला पुसले. मग गाडीत चढला.

गाडी गोगलगायीसारखी सरकू लागली. हवालदाराचा हात जरा उजवीकडे वळे, थांबे, पुन्हा बोलावी. टायर बुटाला घासून गेला. नाकाच्या शेंड्यावरचा घाम त्याने पुसला नाही. गाडी पलीकडे गेली. मग मागच्या चालकांनीही एकामागून एक गिअर टाकला.

चौथ्या गाडीनंतर मात्र त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. पाय उचलून झटकावा, एवढीही सोय नव्हती. तेवढ्यात पलीकडून कोणी चालत येताना दिसलं. आपली गाडी दुसऱ्याच्या हाती सोपवून मामा परत आला होता. हवालदाराने त्याला परत जायला सांगितलं, दोनदा सांगितलं. मामा त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्याचा कमरपट्टा घट्ट धरला.

"टेक माझ्यावर. तू चाक बघ, मी तुला बघतो."

उरलेल्या तीन गाड्या तशाच गेल्या.

पलीकडे कप्तान वाट पाहत होता. त्याने हवालदाराचा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही. मग मामाकडे बोट दाखवून विचारलं, की हा साध्या कपड्यांतला माणूस सुरुंगापाशी कोणाच्या परवानगीने गेला.

"आमच्याच तुकडीतला आहे, साहेब," हवालदार म्हणाला.

कप्तानाने मामाच्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं, वहीत तुकडीच्या यादीचं पान उघडलं आणि नाव विचारलं.

मामाने आधी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग नाव सांगितलं.